चौकडीतली हळद

कर्णिकांच्या घरी चहाला बसलात, तर ओट्यावरचं पातेलं चहाचं आहे की पोस्टाच्या तिकिटांचं, हे आधी विचारून घ्यावं. मी एकदा विचारलं नाही. पातेल्यात कोमट, फिक्कट तपकिरी काहीतरी होतं, कर्णिक आतल्या खोलीत कसलं तरी पुस्तक शोधत होते, आणि मी घरचाच माणूस म्हणून कपात ओतून घोट घेतला. जिभेला डिंक लागला. कर्णिक धावत आले. मला वाटलं, आता पाठ चोळतील, निदान पाणी तरी देतील. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, तळाशी चिकटलेला एक हंगेरियन शास्त्रज्ञ चिमट्याने बाहेर काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "थोडक्यात वाचला." मी नव्हे, शास्त्रज्ञ.

भास्कर कर्णिक आमचे शेजारी. भिवंडीत दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत आणि दोन्ही घरांच्या मागच्या गॅलऱ्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, पत्र्यांवर उघडतात. मी सुताचा दलाल. धागा चिमटीत धरला की त्याचा काउंट, म्हणजे जाडी-बारकी, सांगतो. त्यापलीकडे मला जगातलं काही कळत नाही, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे आणि ते खोडून काढायला मला आजवर पुरावा मिळालेला नाही. कर्णिक एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं, ते यांनी घेतलं, आणि वर एक जुना मेजरिंग सिलिंडर मागून घेतला. चहात दूध ते अजून त्यानेच घालतात.

बाकीचे लोक पोस्टाची तिकिटं जमवतात म्हणजे राजे, विमानं, पक्षी, मिळेल ते जमवतात. कर्णिकांच्या आल्बममध्ये शिरायचं तर तिकिटावर केमिस्ट्री लागते. कुणी रेडियमवाला, कुणी बेंझीनचा षटकोन, कुणाच्या हातात नुसता चंबू असला तरी चालतो. एकदा मी मोठ्या हौसेने एका पार्टीच्या पाकिटावरचं उंटाचं तिकीट कापून नेलं. त्यांनी चष्म्यावरून उंटाकडे पाहिलं आणि विचारलं, यात रसायन कुठे आहे? मी म्हटलं, उंटाच्या पोटात असेल. ते हसले नाहीत. विनोद त्यांना उशिरा कळतो, दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तसं आम्ल असतंच म्हणा पोटात."

तिकिटं भिजवायचा वार शुक्रवार. कारण शुक्रवारी मागचे लूम बंद असतात. एरवी दिवसभर खटखट चालू असते आणि पातेल्यातल्या पाण्यावर बारीक थरथर येते. त्यात तिकीट कडेला घासून त्याचे दाते झिजतात, असं त्यांचं मत. तिकिटाचे दाते म्हणजे कडेची ती भोकाभोकांची नक्षी. शुक्रवारी सकाळी ते स्वयंपाकघरात पातेलं मांडून घड्याळ लावून बसतात. वीस मिनिटांनी तिकीट पाकिटापासून सुटतं, मग ते टिपकागदावर पालथं निजवायचं. त्या वीस मिनिटांत कुणी बेल वाजवली तरी ते उठत नाहीत. सिलिंडरवाला दोनदा परत गेला आहे.

जगाकडे बघायचं त्यांचं माप एकच: मिश्रण की संयुग? मिश्रण म्हणजे जे पुन्हा वेगळं करता येतं. संयुग म्हणजे जे एकदा झालं ते झालं. आमच्या बिल्डिंगची कमिटी मिश्रण. पाकीट आणि तिकीट मिश्रण. पाणीपुरीवर त्यांचं अजून ठरलेलं नाही. आमची मुलगी नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन माहेरी आली होती, तेव्हा घरात सगळे आडून आडून बोलत होते. कर्णिक आले, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बेबी, मला एवढंच सांग. मिश्रण की संयुग?" पोरगी आधी हसली, मग रडली, आणि चौथ्या दिवशी स्वतःहून परत गेली. जावई अजून त्यांना दिवाळीला फोन करतो.

कर्णिकांच्या बायको, इंदूवहिनी, त्यांच्या अगदी उलट. इथूनच जवळच्या पूर्णा गावच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. मोठ्याने बोलणाऱ्या, मोठ्याने हसणाऱ्या. लग्न रजिस्टर झालेलं. दोन्ही घरं वर्षभर रुसली होती म्हणे. माहेरच्या शेतावर आता गोदामं उभी राहिली, त्यांच्या आबांच्या परसात म्हणे ट्रक वळतात. वहिनींनीच एकदा आल्बम चाळताचाळता म्हटलं, नुसते दाढीवाले भरलेत हो, एवढ्या माणसांत एखादं झाड तरी लावा. कर्णिकांना कुणी काही बोललं की ते खरंच मनावर घेतात. त्यांनी दुसरा आल्बम आणला आणि औषधी वनस्पतींची तिकिटं जमवायला सुरुवात केली. शेवटी औषध म्हणजे झाडातलं रसायनच, अशी स्वतःची समजूतही घालून घेतली.

आता गंमत अशी, की या माणसाला झाड ओळखता येतं ते फक्त तिकिटावर. लॅटिन नाव सांगतील, आत कुठलं द्रव्य आहे ते सांगतील, पण खरं झाड समोर आलं की संपलं. वऱ्हाळ्याच्या तलावापाशी फिरताना वहिनींनी अडुळसा दाखवला, तर म्हणाले, हा नव्हे, त्याचं पान उजवीकडे वळलेलं असतं. तिकिटावर तसं होतं.

हे जडीबुटीचं काहीतरी ठेवतात, अशी खबर मागच्या लूमवाल्यांपर्यंत गेली. एक दिवस एक कारागीर खोकत वर आला. खांसीसाठी काही आहे का, म्हणून विचारलं. कर्णिकांना कोण आनंद झाला. त्याला बसवलं, पंखा लावला, आल्बम उघडला आणि चिमट्याच्या टोकाने अडुळशाचं तिकीट दाखवून अर्धा तास वासिसीन नावाच्या द्रव्यावर हिंदीतून बोलले. तो बिचारा हात जोडून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "साब, वो सब ठीक है, लेकिन खाने का कब देंगे?" वहिनींनी आतून आल्याचा काढा आणून दिला, तेव्हा तो सुटला.

कर्णिकांची आणखी एक पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक तिकिटाखाली ते पेन्सिलीने दोन ओळी लिहितात. पहिलीत झाडाचं किंवा शास्त्रज्ञाचं नाव, दुसरीत "सौजन्य" आणि तिकीट देणाऱ्याचं नाव. आमच्या जावयाचं नाव आहे, पानवाल्याचं आहे, पोस्टमनचं तर सात ठिकाणी आहे. माझं कुठेच नाही. उंटानंतर मी जी काही तिकिटं नेली ती सगळी नापास झाली. आता या वयात कसला मान-अपमान, पण पानवाल्याचं नाव आहे आणि समोरच्या दारातल्या माणसाचं नाही, हे मला लागायचं. खोटं कशाला बोलू.

औषधी वनस्पतींच्या आल्बममध्ये पहिल्याच पानावर त्यांची चौकडी होती. एकमेकांना जोडून छापलेली चार तिकिटं: तुळस, हळद, सर्पगंधा, कोरफड. चारी अखंड, न वापरलेली, मधल्या दात्यांवर साधी घडीसुद्धा नाही. ती चौकडी ते पाहुण्यांना हात धुवायला लावून दाखवत.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात वहिनींनी त्यातली हळद फाडली आणि पाकिटाला चिकटवून पत्र पोस्टात टाकलं.

वहिनी पत्रं लिहायच्या त्या त्यांच्या मोठ्या बहिणीला, यमूअक्कांना. अक्का मुलाकडे काल्हेरला राहतात. इथून जेमतेम दहा किलोमीटर, पण अक्कांना ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, आणि वहिनींचे गुडघे गेलेले. म्हणून पत्र. घरात साधी तिकिटं नव्हती का? होती. ड्रॉवरभर होती. तरी चौकडीतलं तिकीट गेलं. कर्णिकांनी पान उघडलं, रिकामी जागा पाहिली, आणि आल्बम मिटला. ओरडले नाहीत. पुढचे अकरा दिवस ते वहिनींशी एक अक्षर बोलले नाहीत.

ते अकरा दिवस आम्ही सगळ्यांनी काढले. काही हवं असलं की कर्णिक आमच्या दारात येऊन मला सांगत आणि मी त्यांच्याच घरात जाऊन वहिनींना सांगे. वहिनी हसत. म्हणत, शोधतील, शोधतील, जरा धीर धरा. मला वाटायचं, काय बाई आहे, एवढं नुकसान करून वर हसतेय. बाराव्या दिवशी कर्णिकांनी जेवताना मीठ मागितलं आणि प्रकरण मिटलं. तिकिटाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याच हिवाळ्यात वहिनी गेल्या. सकाळी दूध तापवायला ठेवलं आणि तिथेच खाली बसल्या. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून आमच्या सौ. धावल्या, पण काही उरलं नव्हतं.

त्यानंतर कर्णिकांच्या वेडात एका गोष्टीची भर पडली. मागच्या गॅलरीत वहिनींनी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात काहीतरी लावलेलं होतं. पावसाळ्यात मोठमोठी हिरवी पानं आलेली मीही पाहिली होती. वहिनी गेल्या तेव्हा पानं वाळून पडलेली आणि डब्यात नुसती माती. कर्णिक त्या मातीला रोज सकाळी मेजरिंग सिलिंडरने पाणी मोजून घालायचे. मी म्हटलं, काय आहे यात? म्हणाले, "कर्दळ. इंदूची होती. माझ्याकडून मेली बहुतेक." तरी पाणी चालूच. खालचे लूमवाले वर बघून हसायचे, की साहेब मिट्टी को पानी पिलाता है. जूनमध्ये मातीतून हिरवं टोक वर आलं, तेव्हा कर्णिकांनी माझी बेल इतक्या जोरात वाजवली की मला वाटलं आग लागली. आम्ही दोघं डब्यासमोर उकिडवे बसलो. "कर्दळच," मी म्हटलं. मला काय, मला सूत कळतं.

गेल्या वर्षी मला नागपूरच्या एका पार्टीकडून जुन्या पाकिटांचा गठ्ठा मिळाला आणि त्यात हळदीचं तिकीट निघालं. चौकडीत होतं तसंच. मी ते प्लॅस्टिकमध्ये घालून घेऊन गेलो. मनात म्हटलं, आता माझंही नाव, सौजन्य शेटे, पहिल्याच पानावर. कर्णिकांनी ते पाहिलं, चिमट्याने उचललं, आणि मला परत दिलं. दाते जुळणार नाहीत म्हणाले. मी चिडलो. अहो, शेजारी ठेवून तर बघा. त्यांनी नुसती मान हलवली. मग मीही आवाज चढवला, की तुमची अक्कल त्या पातेल्यात विरघळली आहे, दोन वर्षं पानावर भोक ठेवून बसलाय आणि आयतं तिकीट आलंय तर नखरे करताय.

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "शेटे, ते तिकीट कुठे आहे मला माहीत आहे. काल्हेरला आहे. अक्कांनी जपून ठेवलं असणार."

"मग आणा की."

"कुठल्या तोंडाने जाऊ? अकरा दिवस बोललो नाही, हे अक्कांना माहीत असणार. आता गेलो, तर म्हणतील, बायको गेली तरी हा तिकिटासाठीच आला."

मी प्लॅस्टिक खिशात घातलं आणि घरी आलो. आपण मघाशी काय काय बोललो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

यंदा श्रावणात अक्कांच्या मुलाने काल्हेरलाच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. वार शुक्रवार. कर्णिक तिकिटं भिजवायचं कारण सांगू लागले. मी पातेलं उचलून आमच्या घरी नेऊन ठेवलं आणि त्यांना स्कूटरवर बसवलं. रस्ताभर ट्रकच्या रांगा, दोन्हीकडे गोदामांचे निळे पत्रे. मागे बसलेला माणूस माझा खांदा घट्ट धरून होता.

वर माणसं खच्चून भरलेली. होम आटोपलेला, जेवणाच्या पंगती चालू. अक्का भिंतीशी पाटावर बसल्या होत्या, नवी नऊवारी नेसून. कर्णिक त्यांच्यासमोर बसले आणि काहीतरी पुटपुटले. अक्कांनी कानाला हात लावला. ते पुन्हा पुटपुटले, जरा मोठ्याने. अक्कांनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मी म्हटलं, मी सांगू का? कर्णिकांनी मला हाताने थांबवलं. आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडला, "अक्का, माझं चुकलं. मला इंदूचं पत्र वाचायचंय."

पंगतीत वाढणारे थांबले. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आतल्या खोलीतून पत्र्याची पेटी आणवली, तळातून एक पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "तुमी येल म्हनून येगलं ठेवलं व्हतं. तीन वर्सां झाली. तुमी कदी ईचारलाच न्हाय, भावजी."

कर्णिकांनी पाकीट उघडलं नाही. शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवलं आणि पंगतीला बसले. काय जेवले ते त्यांना ठाऊक नसणार.

घरी आल्यावर मी आपणहून पातेलं परत आणलं, पाणी कोमट केलं, टिपकागद मांडला. मला वाटलं, आता तिकीट सुटणार, चौकडी पुरी होणार, आपण निदान साक्षीला तरी राहू. कर्णिकांनी पत्र काढून वाचलं. मग मला दिलं. मी म्हटलं, अहो, मी कशाला? म्हणाले, मोठ्याने वाचा. म्हणून मी वाचलं.

"अक्का, आबांच्या परसातलं तू जपून ठेवलेलं हळदीचं बेणं डब्यात लावलं, झकास पानं आलीत. ह्यांना गॅलरीत नेऊन दाखवली, तर म्हणतात, कर्दळ छान आलीय. अग, हातात हळदीचं तिकीट धरून म्हणतात. म्हणून ते तिकीटच या पाकिटाला लावून तुझ्याकडे पाठवतेय. कागदावरची हळद घरातून गेली की डब्यातली दिसेल. रागावतील, रागावू देत. मी सांगायची नाही, तूही सांगू नकोस. ज्या दिवशी ओळखतील त्या दिवशी तिच्याच पानात पातोळ्या करून वाढीन."

मी पत्राची घडी करून त्यांना परत दिलं. कर्णिक खुर्चीत बसून होते. "ती वाट बघत होती, शेटे," ते म्हणाले. "अकरा दिवस नाही. तेव्हापासून जाईपर्यंत."

पाणी निवत होतं, म्हणून मी पातेल्याकडे बोट केलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं. वर हळदीचं तिकीट, त्यावर भिवंडीचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर, आणि खाली वहिनींच्या ठसठशीत अक्षरात अक्कांचा पत्ता. शाई पाण्यात टिकली नसती. "नको," ते म्हणाले. "हे संयुग आहे." आणि पाकीट होतं तसं आल्बमच्या शेवटच्या कप्प्यात ठेवलं.

मग ते गॅलरीत गेले. पान चुरगाळून हुंगलं, तरी विश्वास बसेना. लॅबमधला माणूस, वासावर म्हणे निष्कर्ष काढायचा नसतो. चमच्याने माती उकरून कंदाचा नखाएवढा तुकडा काढला, टिपकागदावर घासला. कागद पिवळा झाला. धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, ड्रॉपरने एक थेंब त्यावर सोडला. पिवळ्याच्या मधोमध लाल ठिपका उमटला आणि कुंकवाएवढा होऊन थांबला. मागे लूम बंद होते, कुठे आवाज नव्हता. कर्णिक त्या ठिपक्याकडे बघत म्हणाले, "हळदच आहे हो."

संध्याकाळी पानं न्यायला मी आमच्या सौ.ना बोलावलं. सगळा प्रकार ऐकून त्यांनी आम्हा दोघांना असं काही झापलं, की ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दोन घोडे दोन वर्षं हळदीसमोर उकिडवे बसतात आणि कर्दळ म्हणतात, एवढंच सांगतो. मग त्यांनी पातोळ्या केल्या आणि आम्ही तिघांनी खाल्ल्या. कर्णिकांनी चार घेतल्या. पानं टाकू दिली नाहीत, धुऊन वाळत घातली.

परवा मी तो आल्बम पुन्हा पाहिला. पहिल्या पानावर तीन तिकिटं आहेत आणि चौथ्या जागी टिपकागदाचा एक तुकडा, बरोबर तिकिटाच्या मापाने कापलेला, पिवळा, मध्ये लाल ठिपका. कडेला कात्रीने हाताने दाते पाडलेत. ते जुळत नाहीत. खाली पेन्सिलीने लिहिलंय:

हळद.
सौजन्य: सौ. इंदू.